अर्ध्यावरचं वाक्य

लेडी मॅरिंगटनच्या चिझिकच्या बागेत, स्ट्रॉबेऱ्यांच्या टेबलापाशी, लॉर्ड टॅरंटचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. तसं ते रोजच कुठं ना कुठं तुटायचं. बहिणीच्या मिटलेल्या पंख्याचं टोक बाहीच्या बटणावर हलकेच टेकलं, की तोंडातला शब्द तिथंच सोडून ओठ मिटायचे, किंचित वाकायचं आणि आज हवा फार छान आहे असं म्हणायचं. हे इतक्या वर्षांत असं अंगवळणी पडलं होतं की आपलं काही तुटलं हे त्याला जाणवतही नसे. त्या दिवशी तो एका अनोळखी बाईंना समुद्रफुलाबद्दल सांगत होता. खडकाला चिकटून फुलासारखा उमललेला तो प्राणी जन्मभर एका जागी बसून राहतो अशी सगळ्यांची समजूत असते, पण ती चुकीची आहे. जागा मानवली नाही तर समुद्रफूल सरळ चालू लागतं, आणि ते चालतं कसं, तर... इथं पंखा टेकला. त्यानं ओठ मिटले, वाकला, हवा छान आहे म्हणाला. त्या बाई इतका वेळ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हवेचं राहू द्या हो. ते चालतं कसं, ते सांगा ना."

यानंतर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. लहानपणापासून बहिणीनं, फिलिपानं, त्याला माणसांत वावरण्याच्या पुष्कळ गोष्टी घोटून घोटून शिकवल्या होत्या: समोरच्याच्या भुवयांच्या मध्ये बघायचं म्हणजे डोळ्यांत बघितल्यासारखं वाटतं, कुणी हसलं की हसायचं, पण त्यांच्याआधी थांबायचं, आजारपणाबद्दल विचारायचं, पण आजाराबद्दल नाही. तुटलेलं वाक्य कुणी परत मागेल, ही शक्यता त्या दोघांच्या मनातही कधी आली नव्हती. पंख्याचं टोक अजून बटणावर होतं. तो पुन्हा वाकला, हवा छान आहे असं पुन्हा म्हणाला आणि हिरव्या कुंपणाच्या दिशेनं चालत सुटला. आपल्या पायांचा खडीवर होणारा आवाज त्याला भयंकर मोठा वाटत होता, आणि प्रत्येक पाऊल, जिना उतरताना नसलेल्या पायरीवर पडावं तसं पडत होतं.

बग्गीतून घरी परतताना फिलिपानं सांगितलं की त्या मिस थिओडोशा लाइल. अ‍ॅडमिरल लाइलची मुलगी, आई नाही, बरीच वर्षं बापाबरोबर माल्टात होती, आता तिशी उलटली. दिसायला बरी आहे, पण चढेल म्हणतात. लोक नमस्कार करतात तर ही वळूनसुद्धा बघत नाही. "माल्टाचं ऊन डोक्यात गेलंय," फिलिपा म्हणाली, आणि मग, "पण तुला तिनं बोल म्हटलं, नाही का रे, जॉस?" तो चाकांचा आवाज ऐकत होता. फिलिपाला वाईट वाटलंय हे त्याला तिच्या आवाजावरून कळत नसे, पण तिनं हातमोज्याचं बोट ओढायला सुरुवात केली की कळे, आणि आत्ता ती ते ओढत होती. तिच्यावर त्याचा राग नव्हता. तो कधीच नव्हता. मखमली कोट घातलेला सहा-सात वर्षांचा तो, तेव्हाचा नुसता जोसेलिन, जेवणानंतर पाहुण्यांसमोर उभा केला जाई, आणि एकदा त्यानं बिशपना गोगलगायीचं तोंड कुठं असतं हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं होतं. पाहुणे हसत सुटले, आणि मग वडिलांनी त्याला पुस्तकांच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. त्यानंतर फिलिपानं, तीही तेव्हा लहानच, मुलांच्या खोलीच्या खिडकीत बसून ही खूण शोधून काढली. आधी नुसतं बोट होतं, वयात आल्यावर त्याचा पंखा झाला. त्या खुणेनं त्याला कितीदा त्या दारापासून वाचवलं होतं. तरीही आज पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपल्या आत तुटक्या वाक्यांची एक मोठी अडगळ साचलेली आहे, आणि त्यातलं सर्वांत वरचं वाक्य घशात हाडकासारखं आडवं बसलेलं आहे.

ते रात्री झोपू देईना, सकाळी खाऊ देईना. न्याहारीच्या टेबलावर फिलिपाचे यजमान सर गॉडफ्री टोस्टला लोणी लावत बोलत होते, आणि जोसेलिनचं लक्ष सुरीच्या करकरीवर होतं. गॉडफ्री वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त लाज वाटायची. मागच्या हिवाळ्यात एका राजदूताच्या मेजवानीत व्हायोलिनं सुरू झाली, आणि ती जोसेलिनच्या दातांवर पातं घासावं तशी घासायला लागली, तेव्हा तो दोन्ही कानांवर हात ठेवून उठला आणि पडद्यामागं जाऊन उभा राहिला. बाहेर त्याचे नुसते बूट दिसत होते. तेव्हापासून गॉडफ्रीच्या बोलण्यात मॅल्व्हर्नकडच्या एका डॉक्टरांचं नाव येऊ लागलं. तिथं म्हणे उंच कुंपणाआड एक शांत घर आहे, अशा मंडळींना तिथं फार बरं वाटतं. पुन्हा चारचौघांत तसलं काही झालं तर मग विचार करावा लागेल, असं तो नेहमी लोण्याकडे बघत म्हणायचा. फिलिपा हातमोजे नसले तर अंगठी फिरवायची.

त्या सकाळी जोसेलिन टोपी घालून बाहेर पडला आणि ब्रुक स्ट्रीटवर लाइलांच्या दारात जाऊन उभा राहिला. दुपारच्या आधी कुणाकडे जायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं; पण वाक्य पुरं करायला जाणं म्हणजे भेटीला जाणं थोडंच, असा त्यानं वाटेत विचार केला होता. बटलरनं दार उघडलं. एवढ्यात मिस लाइल जिन्यावर आली. केस अर्धेच वर बांधलेले, हातात पिना. त्यानं तिथंच, दिवाणखान्यात न शिरता, टोपी छातीशी धरून सांगून टाकलं: त्याच्या बुडाशी एक मऊ चकती असते, तिची एक कड ते खडकावरून सोडवतं, पुढं सरकवतं, चिकटवतं, आणि मग बाकीचं अंग तिच्यामागून ओढून घेतं. इतकं सावकाश की बघत बसलं तर काही दिसत नाही. पण आपण जेवून परत यावं, तर ते तिथं नसतंच. "झालं," तो म्हणाला, आणि जायला वळला.

मागून हसू आलं. त्याला हसण्याचे प्रकार ओळखता येत नसत, म्हणून हसणं ऐकलं की त्याच्या मानेवरचे केस उभे राहत; पण हे हसणं काही मागत नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं, पिना तोंडात धरलेल्या बाईनं हसावं तसं ते जरा वेडंवाकडं होतं.

"एवढंच सांगायला आलात?"

"हो."

"मग आता चहा घेऊनच जा."

त्यानं विचार केला. "चमचे नसतील तर घेईन. चमचा कपाला लागतो त्याचा मला त्रास होतो."

तिनं चमचे परत पाठवले. साखर कशी ढवळायची हा प्रश्न आला तेव्हा ती पेन्सिलच्या मागच्या टोकानं ढवळून मोकळी झाली, आणि त्याला म्हणाली की इकडे, माझ्या उजव्या हाताला बसा, तिकडे नको. का ते त्यानं विचारलं नाही. माणसांना जागा आवडतात, नावडतात, हे त्याला अगदी साहजिक वाटे.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले हे त्याला पुढं नीट लावता येईना, कारण त्या दिवसांना कडाच नव्हत्या. तो ब्रुक स्ट्रीटवर जाई, अ‍ॅडमिरलसाहेब वर्तमानपत्राआड घोरत राखण करत, आणि ती त्याला विचारत राही. नुसतं ऐकून घेत नव्हती. मध्येच म्हणे, हे मला पटत नाही. मध्येच म्हणे, थांबा, हे पुन्हा सांगा, मजा आली. तिनं त्याला माल्टाच्या धक्क्यावरच्या मच्छीमारांबद्दल सांगितलं, जे ऑक्टोपस दगडी पायऱ्यांवर आपटून आपटून मऊ करतात आणि आपटताना एकमेकांच्या बायकांची चौकशी करतात. एके दिवशी ती बापाला घेऊन त्याच्या घरी आली, मागच्या खोलीत, जिथं उत्तरेच्या खिडकीखाली त्याच्या काचेच्या टाक्या होत्या आणि वेमथहून पिंपांत भरून आलेलं समुद्राचं पाणी मंद हिरवं दिसत होतं. तिनं हातमोजा काढला आणि न विचारता बोट पाण्यात घातलं. तांबडं समुद्रफूल तिच्या बोटाला चिकटलं. "अगंबाई, धरलं मला," ती हळूच म्हणाली, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली, बाहीची लेस भिजू देत. जोसेलिन तिच्या ओठांकडे बघत होता. डोळे त्याला फार होत. डोळ्यांत एकाच वेळी इतकं काही चालू असे की भर बाजारात उभं राहिल्यासारखं वाटे. ओठांचं तसं नव्हतं. माणसांच्या तोंडाकडे बघत राहणं असभ्य असतं हे फिलिपानं शंभरदा बजावूनही त्याची नजर घसरून तिथंच येई. त्या दुपारी त्याच्या लक्षात आलं की त्याची कॉलर त्याला टोचत नाहीये. खळीनं कडक केलेली ती कॉलर त्याला समजायला लागल्यापासून टोचत आली होती. ती आत्ता तिथंच होती, तेवढीच कडक, आणि तो तिला विसरला होता. सुख म्हणतात ते हे असावं, असं त्याला वाटलं, आणि ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण कॉलरवरून सुरुवात केली तर कुणाला कळेल?

मग तिनं आपलं गुपित सांगितलं. पुन्हा टाकीपाशीच, पाऊस असल्यामुळं खोलीत अंधारून आलेलं, अ‍ॅडमिरल खुर्चीत पेंगत. लहानपणी तापात आपला डावा कान गेला, ती म्हणाली, आणि उजवाही निम्माच राहिला; उरलेलं ओठांवरून ओळखावं लागतं. हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. लोक चढेल म्हणतात ते चालतं, पण बहिरी म्हटलं की ते ओरडायला लागतात, आणि ओरडणाऱ्याशी कुणी मैत्री करू शकत नाही. "त्या दिवशी बागेत सगळे शब्द गिळत होते," ती म्हणाली. "तुम्ही एकटेच एकेक शब्द पुरता बोलत होता. अख्ख्या दुपारात मला कळलेलं पहिलं वाक्य तुमचं. म्हणून मी म्हटलं, सांगा." आपण आपल्या घराची किल्लीच त्याच्या हातावर ठेवतो आहोत असं तिला वाटत असणार. पण त्याच्या मनानं तिच्या बोलण्यातला एकच धागा ओढला आणि तो ओढतच नेला. म्हणजे समुद्रफुलामुळं नाही. म्हणजे त्याच्यामुळं नाही. उच्चार स्वच्छ असलेला कुणीही चालला असता, एखादा नट, एखादा पाद्री, रस्त्यात दवंडी पिटणारा. त्याचं बोलणं तिला हवं नव्हतं, ते फक्त ऐकू येत होतं. तो म्हणाला, "आज हवा फार छान आहे." खिडकीवर पाऊस वाजत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग ओला हात रुमालाला पुसला आणि वडिलांना उठवलं.

तो ब्रुक स्ट्रीटवर जायचा थांबला. टाक्यांपाशी बसून राही, पण बघत काहीच नसे. कॉलर पुन्हा टोचू लागली होती. फिलिपा एकदा येऊन त्याच्या शेजारी स्टुलावर बसली, एवढा घेरदार झगा आवरत, आणि काय झालं ते तिनं त्याच्याकडून तुकड्या तुकड्यांनी काढून घेतलं.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "गॉडफ्री पहिल्यांदा माझ्याशी बोलला तो त्याचा घोटा मुरगळला होता आणि माझ्याजवळची खुर्ची रिकामी होती म्हणून."

"मग त्यानं लग्न घोट्यासाठी केलं?"

"ते मला अजून नक्की कळलेलं नाही," फिलिपा म्हणाली.

ती हसली, म्हणून तोही हसला, आणि तिच्याआधी थांबला. पण थट्टा त्याला तोलून बघता येत नसे. तिच्यात खरं किती आणि गंमत किती हे कळल्याशिवाय ती त्याच्या काय कामाची? फिलिपा मात्र उठली नाही. टाकीकडे बघतच ती म्हणाली, "त्या दिवशी बागेत मी तुला थांबवायला नको होतं, जॉस. मला सवयच झालीय. ती बाई ऐकतेय की नाही, हे मी बघितलंच नाही." तिनं असं काही आजवर कबूल केलं नव्हतं. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, जे तो सहसा करत नसे, आणि तिनं तो हलवला नाही.

जुलैत केन्सिंग्टनच्या बागेत फुलांचं प्रदर्शन होतं. सगळं लंडन तिथं असणार होतं, म्हणून टॅरंट घराण्यानंही असायला हवं, असं गॉडफ्रीचं म्हणणं. आणि जोसेलिननं तासभर सरळ वागून दाखवलं तर मॅल्व्हर्नचा विषय आपण पुन्हा काढणार नाही, असंही तो आडून म्हणाला. तंबूंमधून ऑर्किडचा दमट वास येत होता. रेशमी झगे एकमेकांना घासत होते, छत्र्यांच्या झालरी नाचत होत्या, आणि शेकडो लोक एकाच वेळी अर्धे अर्धे शब्द बोलत होते. जोसेलिन श्वास मोजून घेत चालला होता. मग त्याला ती दिसली. गवताच्या पलीकडे, पिवळ्या झग्यात, आणि तिच्या डाव्या हाताला कुणी एक कर्नल, भरघोस मिशांचा, मिशांआडून काहीबाही सांगत असलेला. ती हसत होती. जोसेलिन तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि त्याला दिसलं की ते हसू जरासं उशिरा येतंय. आधी कर्नलचे खांदे हलतात, मग तिचे ओठ उघडतात. त्याच्या मिशा थांबायच्या बेतात येतात, आणि ती त्यांच्याआधी थांबते. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. आरशासमोर उभा राहून, फिलिपाच्या देखरेखीखाली, हेच हसू तो स्वतः शिकला होता. ती माल्टात, तो इथं, आणि दोघांनीही एकच धडा गिरवला होता, एकमेकांना न भेटता. मग त्याला आठवलं की त्याच्या टाकीपाशी ती एकदाही असं हसली नव्हती. तिथं ती आधी हसायची, तो मागाहून.

आणि तेवढ्यात बँड वाजायला लागला. गार्ड्सचा पितळी बँड, अगदी जवळच्या मांडवात. पहिल्याच फुंकरीत त्याच्या डोक्यात पितळेचं भांडं फुटलं. हात आपोआप कानांवर गेले. गॉडफ्रीची मान वळलेली त्याला दिसली. मागं कनातीचा पडदा होता, बूट झाकले जातील एवढा लांब. जोसेलिन पुढं निघाला. कोपरं बाहेर काढून, दोन्ही कान घट्ट दाबून, टोपी घसरू देत तो गवत ओलांडून गेला, आणि लोक बाजूला होत गेले, कारण अशा माणसाला कुठल्या रीतीनं वाट अडवायची हे कुणालाच माहीत नव्हतं. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. कर्नलच्या मिशा हलल्या. बहुधा ओरडत असावा, बँडपुढं त्याचंही काही चालत नव्हतं. मग तो खांदे उडवून बाजूला झाला. सगळी बाग एकमेकांच्या कानाशी लागून ओरडत होती आणि कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

मिस लाइलचे ओठ हलले. "कान दुखताहेत?"

ते त्याला कळलं. पुरतं, शब्दन् शब्द. कान बंद होते, बँड छातीत धडधडत होता, आणि तिचं वाक्य त्याच्यापर्यंत आलं होतं, कारण आयुष्यभर असभ्यपणानं तो माणसांच्या तोंडाकडेच बघत आला होता. त्यानंही नुसतेच ओठ हलवले, आवाज न काढता. "हो. पण मला तुम्हाला विचारायचंय."

"विचारा."

"तुम्ही म्हणालात, मी ऐकू येतो म्हणून तुम्ही सांगा म्हटलंत. आत्ता मी ऐकू येतोय का?"

"छे. काहीच येत नाहीये."

"तरी ऐकताय?"

"तेव्हापासून ऐकतेय, वेड्या माणसा. तुम्ही यायचं थांबलात तरी ऐकत होते."

त्याच्या आतली अडगळ एकदम हलली. मग त्यानं, कानांवरचे हात न काढता, गुडघा न टेकता, सगळ्या लंडनच्या मधोमध, बिनआवाजी सांगितलं की तिच्याशेजारी कॉलर टोचत नाही. की आपल्या घरात चमचे नसतील. की तो नेहमी उजवीकडे बसेल. की ती थांबवेल तेव्हा तो थांबेल, पण तिनं पंख्यानं न थांबवता तोंडानं थांबवावं. की ती त्याच्याशी लग्न करेल का. शेवटचे शब्द त्यानं दोनदा उच्चारले, स्वच्छ दिसावेत म्हणून. पलीकडे फिलिपा धावत येऊन थांबली होती. तिच्यामागं लालबुंद गॉडफ्री, पुढं व्हायच्या बेतात. फिलिपानं भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग वळून नवऱ्याच्या वाटेत अशी उभी राहिली की तिच्या झग्याच्या घेराला वळसा घालणं कुणालाच शक्य नव्हतं. त्याच्या कानात ओरडून तिनं सांगितलं की उकडून जीव चाललाय, आधी मला बर्फाचं सरबत आणून दे. मॅल्व्हर्नचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. सप्टेंबरात वेमथच्या एका लहानशा चर्चमध्ये ऑर्गन न वाजवता लग्न लागलं आणि अ‍ॅडमिरलसाहेब त्यातही झोपले, पण ते सगळं नंतरचं. आत्ता तिनं अजून उत्तर दिलेलं नव्हतं. ती ओठ मिटून त्याच्याकडे बघत होती, आणि तो त्या मिटलेल्या ओठांकडे.

बँड थांबला. बागेत टाळ्या उसळल्या. त्यानं सावकाश हात खाली घेतले. टाळ्यांचा काहीतरी धूसर गलबला तिच्या उजव्या कानात शिरला असावा, कारण ती भांबावून इकडेतिकडे बघायला लागली.

"कुणासाठी वाजवताहेत हो?" तिनं विचारलं.

"बँडसाठी."

"आपल्यासाठी म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"पण ते खरं नव्हतं," जोसेलिन म्हणाला.

तेव्हा ती हसली, आधी हसली, मोठ्यानं, तोंडावर हात न घेता, इतकी की जवळपासच्या छत्र्या वळल्या. हसता हसताच ती म्हणाली, "हो."

"हो म्हणजे, बँडसाठी हे बरोबर आहे, असं?"

"नाही. हो म्हणजे, तुम्ही मघाशी विचारलंत त्याला हो."

त्यानं ते नीट समजून घेतलं. मग त्यानं टोपी काढली, आणि तिच्या डावीकडून फिरून उजवीकडे येऊन उभा राहिला. आजूबाजूला लोक अजून टाळ्या वाजवत होते. त्यानंही वाजवायला सुरुवात केली.